बोटीचे दोन पाय

रावेरच्या स्टँडामागं माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मी मूळचा धुळ्याकडचा. शाळा तिसरीत सुटली, पण ट्रॅक्टरची पुढची चाकं सुतात आणायची तर माझ्याकडंच यावं लागे. असं गिऱ्हाइकं म्हणत. मीही म्हणायचो.

एका केळीवाल्या घरातल्या धाकट्या भावानं मुंबईहून वेगाची जुनी बोट आणली. केळी उतरवून रिकामा परतणारा ट्रक होताच, त्यात घालून. लांब, टोकदार, आणि पोटात मागच्या बाजूला दोन इंजिनं. प्रत्येक इंजिनाचा एक पाय मागच्या फळीतून बाहेर पाण्यात लोंबायचा, पायाला खाली पंखा. दोन्ही पायांना जोडणारा एक आडवा दांडा. चाक फिरवलं की पाय मिळून वळत आणि बोटही वळे.

तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात ती सोडली, तर सरळ जाईना. वेग दिला की मागून थरथरे, मग कधी डावीकडं भटके, कधी उजवीकडं. थोरले भाऊ, ज्यांना सारा गाव नाना म्हणे, त्यांनी सांगून टाकलं : आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणी माहेरी येतील. त्यांना घेऊन बोट सरळ पलीकडं गेली तर राहील, नाही तर दोन्ही इंजिनं काढून विहिरींवर बसवीन. नानांचा शब्द फिरत नसे. धाकटा तोंड पाडून माझ्याकडं आला.

मी तोवर बोटीत बसलो नव्हतो, पोहताही येत नव्हतं. पण तो दांडा पाहिला आणि म्हटलं, हा तर टायरॉड, ट्रॅक्टरची पुढची दोन चाकं जोडतो तोच.

ट्रॉलीवर केळीच्या खांबांची गादी करून बोट ठेवली. दोन्ही पायांना सरळ पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांमधलं अंतर पुढं आणि मागं मापलं. ट्रॅक्टरची चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत ठेवतात, तेव्हा गाडी रस्ता धरते. पायही तसेच ठेवले. पाण्यात बोट आधीपेक्षा जास्त थरथरली.

काठावरून नाना म्हणाले, "मिस्तरी, पाणी नांगरता का?"

मी म्हटलं, नियम बरोबर आहे, बोट चुकीची आहे. आजही माझं म्हणणं तेच आहे. ट्रॅक्टरची चाकं पुढं असतात, हिचे पाय मागून ढकलतात, ही काही माझ्या नियमाची चूक नाही.

पण डोक्यातून जाईना. जेवताना भाकरीचे दोन तुकडे शेजारी ठेवून सरकवून पाही, बायको म्हणे आधी खा. अशात मळ्याच्या वाटेवर केळीची बैलगाडी रुतलेली दिसली. बैल नुसते उभे होते तेव्हा अगदी जोडीनं होते. ओझं ओढायला लागले, तशा दोघांच्या मागच्या बाजू बाहेर फाकल्या. जू जेवढं ढिलं, तेवढ्या. मी वाकून पाहत राहिलो.

गाडीवान म्हणाला, "बैल घ्यायचे का, मिस्तरी?"

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात घातली आणि मागच्या कड्यांना दोर लावून काठच्या बाभळीला बांधली, म्हणजे इंजिनं ओढतील पण बोट जागची हलणार नाही. दांड्याच्या सांध्यांवर खडूच्या खुणा केल्या. धाकटा चाकावर बसला. मी मागच्या फळीवर पालथा पडलो, आणि आखाजीच्या तोंडावर मिस्तरी बुडायला नको म्हणून माझा लेंगा नानांनी स्वतः धरला. जोर वाढला तशा खुणा एकमेकींपासून सरकल्या. सांधे झिजून ढिले झाले होते, पायांची मागची टोकं बाहेर फाकत होती. जोर कमी केला की परत जागेवर. ट्रॉलीवर हे कधीच दिसलं नसतं.

"बठ्ठं समजनं माले," मी म्हटलं. सगळं उलगडलं होतं.

"सरका," नाना म्हणाले, "मले पाहू द्या." आणि पांढऱ्याशुभ्र धोतरासकट पालथे पडले. धाकट्याला पुन्हा जोर द्यायला लावला. मग पुन्हा.

सांध्यात पितळी बुश, म्हणजे आतली गोल कडी, नवे घातले. थोडा ढिलेपणा तरी उरलाच. म्हणून ट्रॉलीवर पाय पाचर मारून बाहेर ताणून धरले, पाण्यात ताणले जातात तसेच, आणि त्या ताणात माप पुढं मागं सारखं केलं.

आखाजीला तिन्ही बहिणी सणाचं गाणं म्हणत बोटीत बसल्या. चाक नानांनी धाकट्याच्या हातून घेतलं. मलाही बसावं लागलं. मी मधली फळी घट्ट धरली होती. मध्यावर वेग चढला, आणि थरथर नव्हती.

मी म्हटलं, "नाना, हात सोडी द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बहिणींकडं पाहिलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. बोट पलीकडच्या चिंचेवर नेम धरून गेली. बहिणींचं गाणं मध्येच थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

इंजिनं विहिरींवर गेली नाहीत. पण धाकट्याला बोट फारशी मिळालीही नाही. रविवार आला की नाना चाकावर, आणि धाकटा मागच्या फळीवर पालथा, खुणा हलतात का ते नानांना सांगायला.