बुजवलेल्या विहिरीचा पाइप

बेसाच्या आमच्या सोसायटीत पार्किंगखाली जुनी विहीर आहे. बिल्डरने ती बुजवली, पण वर एक पाइप सोडला. विहिरीला श्वास घ्यायला वाट ठेवावीच लागते, असं आई मानते. सेक्रेटरींच्या गाडीला तो पाइप घासतो. त्या सकाळी ते कटरवाल्यालाच घेऊन आले.

"काहून कापून राहिले गा? बुजवली म्हणून काय मेली ते?" आई खाली भांडत होती. मी वर गॅलरीत फोनवर, आणि माझंही भांडणच चाललं होतं.

माझं काम जुनी तेलक्षेत्रं तपासायचं. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने तिथे जमिनीत सोडतात. तो उरलंसुरलं तेल वर ढकलतो आणि स्वतः खालीच राहतो. म्हणजे, राहायला हवा! वरच्या खडकाची मला भीती नाही, माणसांनी पाडलेल्या भोकांची आहे. गुजरातेत मी तपासत असलेल्या क्षेत्रात अशीच एक जुनी तेलविहीर एका घराच्या अंगणात निघाली. आत सिमेंटचं बूच धड आहे की नाही, कोणालाच ठाऊक नाही. जागा थंड म्हणून घरच्या बाईने नेमकं तिथेच गोधडीवर बाळ निजवलं होतं. हा वायू हवेहून जड, जमिनीलगत साचतो. ते बाळ पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कोणी साधं बोललं तरी मी अंगावर धावून जायची.

"गळतीचा पुरावा नाही ना? मग क्षेत्र योग्य आहे, असं लिहून टाका," साहेब फोनवर म्हणाले.

"बुचाचाही पुरावा नाही, सर. आधी विहीर उघडून बघा."

"फार वेळ जाईल."

"मग मी सही करणार नाही."

"ठीक आहे. दुसरं कोणीतरी करेल."

आणि केली की! त्याच आठवड्यात, माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या माणसाने. मला असा संताप आला, पण करते काय? पुढच्या महिन्यात वायू सोडायला सुरुवात होणार होती.

आईचा पाइप मात्र वाचला होता. सहीचं कळलं त्या सकाळी ती खुशीत मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "निदान माझ्या हातून तरी पाप झालं नाही."

तिचा हात थांबला. "त्या बाईले कोणी सांगितलं का वं?"

"मी काय गावात दवंडी पिटू? नोकरी जाईल माझी!"

"जाईल," ती म्हणाली. आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

चिडून मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. दुपारी गुजरातचं तिकीट काढलं. ऑफिसला कळवलं नाही.

निघताना आईने माझ्या बॅगेत तिची एक सुती साडी कोंबली. "तिले म्हणावं, लेकराले झोळी बांध," ती म्हणाली. "उंच बांध म्हणावं."