मिश्रीचा धूर

साताऱ्यातल्या आमच्या दारावर मॅजिस्ट्रेटचा हुकूम डकवला, तेव्हा माझे मालक लढाईवर होते आणि घर चालत होतं ते सासूबाईंच्या मिश्रीवर. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कांडायची, विकायची. अख्खी पेठ आमच्याच मिश्रीनं दात घासायची आणि आमच्याच धुराला शिव्या घालायची.

तक्रार शेजारणीची होती. तिच्या लेकीला धाप लागायची. हुकमात म्हटलं होतं, या घरच्या धुराचा लोकांना उपद्रव होतो, धंदा बंद करा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवा. न मानलं तर फौजदारी. वकिलानं पंच मागायला सांगितले. घर बघून हुकूम रास्त की नाही ते पंच ठरवणार. सासूबाईंचं म्हणणं एकच, पोरगी जन्मापासून खोकते, धुराचं नुसतं निमित्त. मीही तेच धरून बसले होते. चूल विझली तर आम्ही खायचं काय?

पंच यायच्या दिवशी मी तवा लपवला, जमीन सारवली, दारं-खिडक्या सताड उघडल्या. पाच जण आले, खोल्या फिरले, धूर कुठेच नाही म्हणून एकमेकांकडे बघू लागले. माझा जीव जरा भांड्यात पडला. निघता निघता त्यांतल्या म्हाताऱ्यानं सहज चिमूटभर मिश्री मागितली.

डबा रिकामा होता. दारी आलेल्या माणसाला मिश्री नाही म्हणणं सासूबाईंना जन्मात जमलं नव्हतं. "बसा वाईच, ताजी भाजून देते," म्हणाल्या आणि मी डोळ्यांनी खुणावत असतानाच लपवलेला तवा चुलीवर चढवला. माझा नुसता संताप झाला.

धूर खिडकीतून पलीकडे गेला. भिंतीमागे खोकला सुरू झाला, तो थांबेना. मग श्वास ओढल्याचा बारीक आवाज, आणि लेकीला हाका मारणारी शेजारीण. रोज कांडपाच्या आवाजात आम्हाला यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. सासूबाईंनी भरली घागर चुलीत ओतली.

"आत्याबाई, आता खायाचं काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"ते मागनं बगू. आदी त्या पोरीला बगून ये."

मी शेजारी धावले. शेजारणीनं दार जेमतेम फटीएवढं उघडलं. "आत्ता कुटं निवांत पडलीया. तू आत येऊ नगंस, तुज्या लुगड्याला बी त्योच वास हाय."

लुगडं बदलायला मी घरी आले. पेटीतलं एकेक काढून हुंगलं. सगळ्यांना तोच वास होता.