फुगे ताईचे, आवाज माझे

उडणाऱ्या नायकांपेक्षा धावणारे नायक चांगले, असं माझं मत आहे. धावणाऱ्याला दम लागतो, ठेच लागते, वाटेत माणसं भेटतात. उडणारा वरून जातो. त्याच्या लेखी गाव म्हणजे नुसती छपरं. मुखवटा जरूर असावा, पण तोंड उघडं राहावं, नाहीतर तो जेवणार कसा? कॉमिक्समध्ये खलनायकाचा अड्डा नायकाच्या घरापेक्षा नेहमी जास्त मन लावून काढलेला असतो, ही चित्रकारांची जुनी खोड आहे. आणि हल्लीच्या सिनेमांत शेवटचा अर्धा तास इमारती कोसळत राहतात, तो राडारोडा दुसऱ्या दिवशी कोण उचलतं हे एकाही दिग्दर्शकाला दाखवावंसं वाटत नाही.

ही मतं मी बातमीदारीच्या नोकरीत चहाच्या टपरीवर अनेकदा मांडली. ऐकणाऱ्यांना ती माझी वाटायची. खरं तर त्यातली बहुतेक माझ्या थोरल्या बहिणीची आहेत.

आमचं लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. वडील इंजिनांच्या शेडमध्ये होते. शेजारी एक निवृत्त गार्ड राहत; त्यांच्या पत्नीला सगळी कॉलनी गार्डकाकू म्हणे. काकू चर्चमध्ये पेटी वाजवायच्या आणि कुठलाही छापील कागद टाकायच्या नाहीत. त्यांच्या परदेशातल्या भाच्याकडून पार्सलं येत, त्यांत काचेच्या वस्तूंभोवती इंग्रजी कॉमिक्स गुंडाळलेली असत. काकू ती इस्त्री करून ट्रंकेत ठेवत. एका वेळी एकच अंक मिळायचा, तोही हात धुऊन दाखवल्यावर.

ताई सातवीत होती. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे तिचं इंग्रजी दोन वर्षांचं होतं. मी पहिलीत होतो आणि मराठीसुद्धा अक्षराला अक्षर जोडून वाचत होतो. तिने कामाची वाटणी केली. पात्रांच्या तोंडाशी काढलेले संवादाचे फुगे तिचे, आवाज माझे. चित्रात मोठी, वाकडी, रंगीत अक्षरं दिसली की मी आवाज काढायचा. ती अक्षरं काय आहेत हे मला कळत नसे. मी चित्र बघून ठरवायचो. मोटारीला घुर्र, दाराला धाड. स्फोटाला मात्र यार्डात डब्याला डबा लागल्याचा आवाज, कारण आमच्या माहितीत त्याहून मोठा आवाज नव्हता.

आमचा नायक पोपटी रंगाचा लांब डगला घालायचा. त्याचं इंग्रजी नाव ताईला उच्चारता येईना, म्हणून तो डगलेवाला झाला. तो दौंडची भाषा बोलायचा. खलनायक पहिल्या भेटीत त्याला विचारायचा, “कुणाचा रं तू?” प्रत्येक अंकात एक म्हातारी जिन्यात उभी असायची. डगलेवाला तिला म्हणायचा, “आई, जाऊन येतो गं.” म्हातारी म्हणायची, “भाकरी खाऊन जा.” तो म्हणायचा, “आल्यावर खातो, झाकून ठेव.” मग खिडकीतून सुंई, तो आवाज माझा.

पुढे मी पुण्याच्या एका दैनिकाचा दौंडचा बातमीदार झालो. अपघातातल्या जखमींची नावं दोनदा तपासायची, गावाच्या नावातला बुद्रुक-खुर्द गाळायचा नाही, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहायची, हे अंगात मुरलं. एकदा संपादकांनी रविवारच्या पुरवणीसाठी माझ्याकडे कॉमिक्सवर लेख मागितला. डगलेवाला आईचा निरोप घेतल्याशिवाय कधीच उड्डाण करत नाही, असं मी त्यात लिहिलं. तपासलं नाही, कारण तपासण्यासारखं त्यात काही आहे असं मनातच आलं नाही.

आठवड्याने एका वाचकाचं पाकीट आलं. आत त्या कॉमिक्सच्या चार पानांच्या झेरॉक्स. म्हातारी आई नव्हती, घरमालकीण होती. ती प्रत्येक अंकात त्याला खोली रिकामी करायला सांगत होती. माझ्या नावावर एकच शुद्धिपत्र आहे, ते हे.

मी शिरूरला ताईला फोन केला. ती लग्न होऊन तिथे गेली होती आणि अंगणवाडीत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “मग? उपाशी उडायचा व्हय त्यो?”

“ताई, शुद्धिपत्र छापावं लागलं.”

“छापू दे की. येवढी चित्रं काढत्यात आन् त्याला घरात एक माणूस न्हाई द्यायचं म्हंजी काय!”

नायकाला अनाथ ठेवणं ही या धंद्यातली सर्वांत आळशी सवय आहे, हे माझं मत त्या फोननंतरचं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर ताईला मेंदूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात हळूहळू बराचसा परत आला. बोलणं आलं नाही. तिला समोरच्याचं सगळं कळत होतं, मनात शब्दही होते, ते ओठांपर्यंत पोचत नव्हते. हो, न्हाई, बास, देवा, असे मोजके शब्द उरले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवलेली ही बाई.

भेटायला येणारे लोक चांगले होते आणि तेच अडचणीचं होतं. ताईने एक अक्षर उच्चारलं की चौघे पुढचा शब्द पूर्ण करायचे. “पा” म्हटलं की पाणी यायचं. तिला पायावरचं पांघरूण हवं असायचं. काही जण बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलायचे. एक लांबची जाऊ तर तिला “शाणी गं माझी बाय ती” असं म्हणून गेली. त्यानंतर ताईने प्रयत्न करणं सोडलं. कुणी आलं की ती शाल तोंडावर ओढून घ्यायची.

बोलण्याचा व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक तरुण बाई यायच्या. त्यांनी दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, आणि मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. हे पहिले महिने महत्त्वाचे आहेत. शब्द चुकले तरी चालतील, पण ताईंनी बोलायचंच सोडलं तर जे परत येण्यासारखं आहे तेही येणार नाही. त्यांना आवडेल असं काहीही बोलायला लावा. आणि शब्द आयता देऊ नका. मनात वीस आकडे मोजा, पण थांबा.

दाजी पाटसच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. हंगामात यंत्रं रात्रंदिवस चालायची, त्यांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. थांबणं त्यांना अवघड होतं. मलाही होतं. समोरचा अडखळला की त्याचं वाक्य मनात पूर्ण करायचं, यावरच माझं पोट चाललं होतं.

गुरुवार माझ्या सुटीचा. दौंडहून पाटस, चौफुला, न्हावरे करत शिरूर. गाळप सुरू होतं, उसाच्या ट्रेलरमागे एसटी रांगत जायची. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला डगलेवाल्याचा एक अंक मिळाला होता, आम्ही न वाचलेला. तो घेऊन गेलो.

पहिल्या गुरुवारी मी पलंगाशेजारी खुर्ची ओढून अंक उघडला आणि सांगितलं, “फुगे तुझे, आवाज माझे.” पहिल्या चित्रात दार फुटत होतं. मी म्हटलं, “धाड!” पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने दाजींसमोर असा आवाज काढणं सोपं नाही. पुढच्या चित्रात फुगा होता. मी वीस मोजले. ताई चित्राकडे बघत राहिली.

“अगं, म्हण की, ‘थांब!’” दाजी म्हणाले.

“दाजी, आपलं गप बसायचं ठरलंय.”

“गपच हाय मी. मी काय बोललो?”

ताईने शाल ओढली.

दुसऱ्या गुरुवारी माझी चूक झाली. तिला सोपं जावं म्हणून मी फुग्यातलं इंग्रजी मराठीत करून सांगितलं. अचूक केलं, एक शब्दही गाळला नाही. “माझी लढाई तुझ्याशी नाही, तुझ्यातल्या अंधाराशी आहे,” असं डगलेवाला म्हणत होता. ताईने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी घरात येऊन भलत्याच माणसाची चौकशी करावी, तसं ते पाहणं होतं. ती भिंतीकडे वळली.

परतीच्या एसटीत मला ते कळलं. त्या फुग्यांत काय लिहिलंय याच्याशी तिचं कधीच देणंघेणं नव्हतं. मी तिला वाचायला नेमकं तेच दिलं होतं, जे ती आयुष्यात कधी वाचत नव्हती. तिचे फुगे मी भरून टाकले होते. भेटायला येणाऱ्यांपेक्षा मी वेगळं काही केलं नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी मी इंग्रजीला हात लावला नाही. मध्यंतरी पाहिलेल्या एका सिनेमाबद्दल सांगितलं. त्यात आधीच्या भागात मेलेला नायक परत आला होता, तेही कारण न देता. मला हे पटत नाही. प्रेक्षकाला एकदा रडवलं की लेखकाने शब्द पाळावा. ताईने “न्हाई” म्हटलं आणि मान हलवली. तिचं मत वेगळं होतं, एवढं समजलं.

मग अंक उघडला. मोटार आली, मी घुर्र केलं. फुगा आला, मी थांबलो, ती बोलली नाही, मी पान उलटलं. असं पाच-सहा वेळा झालं. दाजी दारात पाठमोरे उभे होते, म्हणजे गप होते.

पुढच्या पानावर एकच मोठं चित्र होतं. डगलेवाला गच्चीच्या कठड्यावर एकटा बसलाय, रात्रीचा पाऊस, केसांतून पाणी गळतंय. पानावर एकही फुगा नव्हता. कोपऱ्यात पावसाची लहान अक्षरं होती, म्हणून मी ओठ मिटून हळू आवाज काढला. ताईची पाळी नव्हती. मी पान उलटायला बोट लावलं.

तिने डावा हात पानावर ठेवला.

“ओ,” ती म्हणाली. बराच वेळ गेला. मी मोजत नव्हतो. “ओला.” पुन्हा थांबली. मग एकदम, अंगणवाडीतल्या पोराला दटावावं तशी, “डोकं पूस!”

दाजी गर्रकन वळले आणि आतल्या खोलीत पळाले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते एक पंचा घेऊन आले आणि तिच्यासमोर उभे राहून आपलं कोरडं टक्कल खसाखसा पुसायला लागले. “पुसतो, पुसतो. हे बघ, पुसलं!”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग चिडला. तीन महिन्यांत मी तिला चिडलेली पाहिली नव्हती. चिडण्यासाठी समोरच्याशी काही बोलायचं बाकी असावं लागतं.

“तुम्ही न्हाई,” ती म्हणाली. बोट चित्रावर आपटलं. “ह्यो. ह्यो!”

“ह्यो?” दाजींनी वाकून चित्र पाहिलं. “ह्याला कशाला सांगतीस? कागदावरचा त्यो. ह्याचं डोकं कोण पुसणार?”

ताईला हसू आलं. ओठ उजवीकडे पुरते वळत नव्हते, पण ते हसूच होतं.

“मग हे परत ठेवू कपाटात?” दाजींनी पंचा दाखवला.

तिने तोंड उघडलं. शब्द येईना. कपाळाला आठ्या पडल्या, डावी मूठ चादरीवर आवळली गेली. दाजींच्या ओठांवर एक शब्द आलेला मला दिसला आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला. माझ्याही जिभेवर एक होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. ती आमच्या तोंडाकडे बघत नव्हती, आत कुठेतरी शोधत होती, आणि आज तिने शाल ओढली नाही.

“राहू... द्या,” ताई म्हणाली. मग श्वास घेऊन, चित्रावर बोट ठेवून, “लागंल.”