ज्वारीचा डबा

कुपवाडच्या कारखान्यातून सुटले की शेजारचे चाचा थेट गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत जायचे. पक्षी कोंडण्याविरुद्ध मी छापलेलं पत्रक त्यांनी तिथंच अंथरलं होतं. "कागद लय चांगला हाय गड्या, अजून आण," म्हणायचे.

एकदा कबुतरांची शर्यत होती. तीत शेवटपर्यंत आभाळात राहणाऱ्या कबुतराला चषक होता. दोनच उरली होती, त्यातलं एक चाचांचं. तेवढ्यात वर ससाणा दिसला. चाचांनी कबूतर खाली बोलवायला ज्वारीचा डबा वाजवला.

पंच ओरडले, "आवं, उतरलं की तुमी हरला!"

"हरू दे की. पिल्लं वाट बघत्यात त्याची."

कबूतर उतरलं आणि आपणहून ढाबळीत शिरलं. पुढचं पत्रक मला लिहिताच आलं नाही.

आता ती गच्ची रिकामी आहे. कुठं डबा वाजला, की मी अजून आभाळाकडे बघतो.