जाळीतून पडलेली अक्षत

खंडेनवमीला अक्षतांना कुंकू लावताना तो दिवस आठवतो. कोपरखैरण्याच्या दुकानात माझी नात खेळांसाठी संगणकाचे भाग निवडत होती. तिने काचेची देखणी पेटी नाकारून वरून जाळी असलेली साधी पेटी घेतली. म्हणाली, “आजोबा, गरम हवा बाहेर गेली की आतलं सगळं वर्षानुवर्षं टिकतं. नो टेन्शन!” घरी तिने जोडलेल्या संगणकाचे मी विधिपूर्वक पूजन केले आणि वाहिलेल्या अक्षता जाळीतून आत पडल्या. कळ दाबताच आतला पंखा खडखडू लागला. “आजोबा, ह्याच्यात काय पुलाव लावताय?” ती पोट धरून हसली. तिने सारे दाणे वेचले; एक मात्र निघालाच नाही. पुढल्या वर्षी साध्या तापाचे निमित्त होऊन ती गेली. संगणक टिकला आहे. आज फूल वाहून मी कळ दाबली. दाणा वाजला. मला रडू आले नाही. तो वाजत होता तोवर मी हात जोडून उभा राहिलो.