शुक्रवारची टीम

गर्दी दिसली की काका एक डोळा मिटायचे. दोन बोटं डोळ्यासमोर आडवी धरायचे, ती हळूहळू वर सरकवायचे आणि पुटपुटायचे, "खोके नाय मोजायचे, थर मोजायचे." गोदामात माल मोजायची ही रीत. एका थरात खोके किती आणि असे थर किती, एवढं कळलं की झालं. काका तीच रीत माणसांना लावायचे. लग्नाचा मांडव असो, एसटी स्टँड असो, सगळ्याचे थर व्हायचे.

भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोदामात आम्ही आठ वर्षं बरोबर काम केलं. मी कॉम्प्युटरवर, ते सुपरवायझर. टेमघरला दोन खोल्यांत एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर कोणी येऊन बसेपर्यंत जेवणाचा डबा न उघडता तसाच धरून बसतात.

त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकावं लागायचं. "भिवंडीत फुटबॉलची टीम चालेल. खेळाडूंना पगार, छातीवर गावाचं नाव, तिकीट लावून मॅच. चालेल म्हणजे चालेल."

मी त्यांची फिरकी घ्यायचो. "काका, आपल्याकडं रस्ता धड नाय, स्टेडियम कुठून आणणार?"

"रस्ता नाय म्हणून लोकं लग्नाला यायची थांबली काय?"

"आणि तिकीट कोण काढणार?"

"आठवडाभर लूमच्या खडखडाटात माणूस बहिरा होतो. स्वतःचा आवाज ऐकायला तो वीस रुपये देईल. तू नाय देणार, तू एसीत बसतोस."

एसीत बसत होतो हे खरंच होतं.

त्यांच्या या हट्टाचं मूळ शुक्रवारात होतं. आमच्या गोदामाला सुट्टी रविवारची, पण भिवंडीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद राहतात शुक्रवारी. काकांनी मालकाला सांगून आपली सुट्टी शुक्रवारची करून घेतली होती. रविवारी सगळं गोदाम बंद असताना ते वॉचमनच्या सोबतीने माल लावत बसायचे. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की टेमघरजवळच्या मैदानावर कारखान्यांच्या मॅचेस व्हायच्या. कोणी बनारसकडचा, कोणी बिहारचा, कोणी तेलंगणाचा, निम्म्यांच्या पायांत बूट नाहीत. काका कडेच्या बुटक्या भिंतीवर बसलेले असत.

एकदोनदा रजा टाकून मीही गेलो. "चाचा, आज कितने?" असं कोणीतरी विचारायचं. काका डोळा मिटून आकडा सांगायचे, आणि तो ऐकून आजूबाजूचे सगळे खूश व्हायचे. गोदामात आठवडाभरात बोलत नसत तेवढं काका तिथे तासाभरात बोलायचे. टीमचं मला कधीच पटलं नाही, पण ती त्यांना कशाला हवी होती ते त्या भिंतीवर कळलं. त्यांना शेजारी माणसं हवी होती, आणि आठवड्यातली एक दुपार पुरत नव्हती.

मग कुठूनशी बातमी आली की एक कंपनी फुटबॉलची नवी टीम काढते आहे आणि आपल्या जिल्ह्यात तिच्यासाठी गाव बघते आहे. काकांनी माझ्याकडून मेल लिहून घेतला. मी टाइप करत होतो, ते मागे उभं राहून सांगत होते. "लिही, आमच्या इथं प्रेक्षक तयार हाय, फक्त टीम नाय." मी हसत हसत पाठवून दिला. महिन्याभराने खरोखरच फोन आला.

फोन उचलला की कायम "जय भीम" म्हणणारे काका त्या दिवशी खुर्चीतून उठून "येस सर" म्हणाले. पलीकडचा बोलत होता आणि हे मान डोलावत होते.

"दोन साहेब मॅच बघायला येतायत," फोन ठेवून ते म्हणाले. "रविवारी."

"रविवारी? काका, रविवारी लूम चालू."

"हाय ना. पण त्यांना तोच वार जमतो. एवढी मोठी माणसं, त्यांना आपण वार सांगायचा काय? येतील आपली पोरं. दोन तासांचा तर प्रश्न हाय."

पुढचे तीन आठवडे ड्युटी सुटली की काका कारखाने पालथे घालत होते. एकदा मीही बरोबर होतो. लूमच्या आवाजात ते एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "संडे को, चार बजे." समोरचा हात पुसून काकांच्या खांद्यावर ठेवायचा. "आयेंगे चाचा. आपके लिए नहीं आयेंगे तो किसके लिए आयेंगे?"

ती माणसं खोटारडी नव्हती. आमच्या गावात वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढंच. विणलेल्या कापडाच्या मीटरवर पगार घेणारा माणूस चालू लूम सोडून येत नसतो, हे 'आयेंगे' म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. काकांनाही ठाऊक होतं. पण त्या तीन आठवड्यांत ते त्यांनी मनाला शिवू दिलं नाही.

त्या रविवारी काका रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मैदानावर आले. मांडववाल्याकडून शंभर खुर्च्या आणल्या होत्या. मॅचला अकरा-अकरा सोडाच, एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सहा जण जमले. गल्ल्यांमधून लूमचा आवाज मैदानापर्यंत येत होता. साहेब आले, पहिल्या रांगेत बसले. मागच्या खुर्च्या तशाच रिकाम्या. काकांनी बोटं वर केलीच नाहीत. ओठांतल्या ओठांत एकेक डोकं मोजलं.

साहेबांपैकी एक जण भला होता. त्याने हळूच विचारलं, "नेहमी साधारण एवढेच असतात का?"

"आज एकतीस हायत," काका म्हणाले.

"शुक्रवारी या" एवढंच मला म्हणायचं होतं, आणि मी ते म्हणालो नाही. इतकी वर्षं मी सांगत होतो की टीम चालणार नाही, आणि नेमकं त्या वेळी माझं खरं ठरलं म्हणून मला आतून बरं वाटत होतं. लाज वाटायला लागली तोवर त्यांची गाडी निघून गेली होती. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आम्ही दोघांनी खुर्च्या एकात एक घातल्या. शेवटची रांग उरली तेव्हा मी विचारलं, "काका, त्यांना शुक्रवार का नाय सांगितलात?"

"सांगायला पायजे होतं," ते म्हणाले. मग हातातली खुर्ची तशीच धरून थांबले. "मला वाटलं, माझ्यासाठी येतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला सांगून आपली सुट्टी पुन्हा रविवारची करून घेतली. कामगारांनी निरोप पाठवले, चाचा नाराज आहेत का म्हणून. "नाराज कशाला? ड्युटी हाय," असं काका म्हणायचे, आणि शुक्रवारी ती असायचीच. रविवारी काय करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मैदानावर जाऊन बसतो. मोकळं असतं." पुढे ते रिटायर झाले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. टीम दुसऱ्या कुठल्याशा गावाला मिळाली म्हणे. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रजा टाकून मैदानावर गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षांच्या टपांवरसुद्धा माणसं चढली होती. मी भिंतीवर बसलो आणि नकळत शेजारी एका माणसाची जागा सोडली. चार-पाच जण ती जागा बघून पुढे गेले. शेवटी केसांत कापसाचे तंतू अडकलेला एक जण समोर उभा राहिला.

"भाईसाब, यहाँ कोई है?"

मी टेमघरच्या रस्त्याकडे एकदा बघितलं.

"कोई नहीं," मी म्हणालो. "बैठो."