पेशीआत्याचा गाजलेला पेपर

घरात तिला सगळे पेशीआत्या म्हणत. नाव भाचरांनी ठेवलं, पण पुढे भावाच्याही तोंडी बसलं. सुट्टीच्या दिवशी सगळे जेवायला बसले की ही अर्ध्यावर उठायची, "माझ्या पेशी उपाशी असतील." प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशींना वेळच्या वेळी ताजं पोषकद्रव्य द्यावं लागतं, त्यांना रविवार कळत नाही. भाऊ म्हणायचा, "नशीबवान आहेत. त्यांना कुणीतरी वेळेवर विचारतं तरी."

हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ज्या मूलपेशी असतात, त्यांच्यापासून रक्त तयार होतं. त्यांच्यावरच तिचं काम चालायचं. तिने या पेशींना हिरवी चमक देऊन यकृत बिघडलेल्या उंदरांच्या शरीरात सोडलं आणि काही आठवड्यांनी उंदरांच्या यकृतात हिरव्या पेशी दिसू लागल्या, अगदी यकृताच्या पेशींसारख्या वागणाऱ्या. म्हणजे रक्त बनवणारी पेशी यकृताची झाली होती. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. या प्रयोगांवरचा पेपर मोठ्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला आणि पस्तिशीच्या आत तिचा बोलबाला झाला. निधी आला, तीन खोल्यांची प्रयोगशाळा मिळाली, परिषदांची बोलावणी येऊ लागली.

मग तिच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आली. बोलणं मोजकं, पण शंका धरली की गोचिडासारखी चिकटणारी. एका दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "बाई, जरा बघता का?"

तोच प्रयोग करताना तिने उंदरांच्या स्वतःच्या पेशींना आधीच लाल खूण करून ठेवली होती. बाहेरून सोडलेल्या पेशी खरोखर यकृताच्या झाल्या असतील, तर त्या नुसत्या हिरव्या दिसायला हव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ प्रत्येक हिरव्या पेशीत लालही होतं. मज्जेच्या पेशींनी रूप बदललंच नव्हतं. त्या यकृताच्या जुन्या पेशींना चिकटून त्यांच्यातच मिसळून गेल्या होत्या.

"तुझंच काहीतरी चुकलं असेल," पेशीआत्या म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तीनदा केलं."

"मग मला कधी सांगणार होतीस?"

"आता चौथ्यांदा करून. पण राहवलं नाही."

पहिला राग त्या मुलीवरच आला. नंतर पेशीआत्याने तोच प्रयोग स्वतःच्या हाताने करायला घेतला आणि मनातल्या मनात मुलीची चूक सापडू दे असं घोकत राहिली. चूक सापडली नाही. तेव्हा तिने मुलीला बोलावलं.

"लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

"आणि तुमचं?"

"शेवटी घाल. माझं नाव नसलं तर लोक म्हणतील, बाई पळाली."

तो पेपर छापून आला आणि पुढे व्हायचं ते झालं. निधी आटला, दोन खोल्या गेल्या. कालपर्यंत चहाला हाका मारणारे जिन्यात भेटले की घाईत असत. भावाने विचारलं, "आता काय करणार?"

"त्या पेशी एकमेकींत का मिसळतात ते शोधणार."

"म्हणजे पडलीस तिथेच खणणार?"

"पाय तिथेच अडकलाय. दुसरीकडे कशाला जाऊ?"

उरलेल्या एका खोलीत तिने त्याच प्रश्नावर बरीच वर्षं काढली. पेपर निघत राहिले, पण बेताचेच गाजले.

निवृत्ती जवळ आली तेव्हा संस्थेच्या संचालकांनी कुणाच्या पेपरचा इतरांच्या पेपरांत किती ठिकाणी उल्लेख झाला त्याची मोजदाद करवली. सगळ्यांत वर निघाला तिचा तो जुनाच पेपर. संचालक खुशीत आले आणि त्यांनी सत्कार ठरवला. ती त्यांच्या खोलीत गेली.

"साहेब, ते उल्लेख वाचलेत का?"

"एवढे कोण वाचणार?"

"निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलंय की मी चुकले होते."

संचालकांनी चष्मा काढला. "आकड्यात ते दिसत नाही हो."

"म्हणून सांगायला आले."

"मग कार्यक्रम रद्द करू म्हणता?"

"कशाला? जिने मला चुकीचं ठरवलं तिलाही बोलवा, म्हणजे झालं."

विद्यार्थिनी आता दुसऱ्या गावी स्वतःची प्रयोगशाळा चालवत होती. ती आली आणि भाषणात म्हणाली, "त्या दिवशी बाईंच्या दारात जाण्याआधी मी दुसऱ्या प्रयोगशाळांत जागेसाठी दोन अर्ज टाकून ठेवले होते." सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने पेशीआत्याच हसली, कारण हे तिलाही माहीत नव्हतं.

कार्यक्रम संपला, लोक चहाकडे वळले. विद्यार्थिनी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, पेशी मिसळण्यावरचा तुमचा शेवटचा पेपर आम्ही वापरतोय. पण त्यातली एक आकृती मला पटत नाही."

"कुठली?"

"दाखवते."

फुलांचा गुच्छ भावाच्या हातात देऊन दोघी वर प्रयोगशाळेत गेल्या. संचालक पाहुण्यांना सांगत राहिले की बाई येतीलच इतक्यात. आकृतीत खरोखरच गफलत होती, पण निष्कर्ष टिकला. दोघींनी मिळून दुरुस्ती छापली. ती आजवर फारशी कुणी वाचलेली नाही.